कॉफीचे काळे पाणी

कॉफीचा रंग कोणता, असे शहरातल्या माणसाला विचारले तर तो तपकिरी म्हणेल. मळ्यात तोडणी करणारी बाई लाल म्हणेल, कारण तिच्या टोपलीत पिकलेली लालबुंद फळे असतात. आणि मळ्याच्या उतारावर, खाली ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसाला विचारले तर पल्पिंगच्या दिवसांत तो काळा म्हणण्याचा संभव आहे. आपण पितो त्या कॉफीच्या रंगाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. ओढ्यात उतरणाऱ्या रंगाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. आज त्याच रंगाचा, आणि तो पाण्यातून काढून टाकण्याच्या माणसाच्या खटपटीचा थोडा इतिहास सांगावा म्हणतो.

मी अनेक वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. भूगोलाच्या पुस्तकात 'ब्राझील : कॉफीचा अग्रगण्य उत्पादक' असे एक वाक्य असते. मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात. पण कॉफीच्या ताज्या फळापैकी वजनाने जेमतेम पाचवा हिस्सा व्यापाराच्या बीच्या रूपाने बाहेर पडतो. बाकीची साल, गर आणि पाणी यांचे काय होते, हा प्रश्न पुस्तकात नसतो. खरा इतिहास तिथे आहे.

सुरुवात येमेनपासून करू. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे, पण तिची पद्धतशीर लागवड आणि व्यापार वाढला तो येमेनच्या डोंगरउतारांवर. मोखा हे बंदर त्यासाठीच प्रसिद्ध झाले. येमेनात पाण्याची चणचण, ऊन मात्र भरपूर. तेव्हा फळे तोडायची, घराच्या गच्चीवर पसरायची, खडखडीत वाळली की कुटून बी वेगळे करायचे. पाण्याचा थेंबही लागत नसे. आणि वाळलेली साल? ती फेकून देत नसत. सुंठ-मसाला घालून ती पाण्यात उकळायची आणि प्यायची. त्या पेयाला 'किशर' म्हणतात आणि ते तिथे आजही पितात. म्हणजे बी परदेशी गेले आणि साल घरच्यांच्या पोटात गेली. नदीकडे काही गेलेच नाही.

बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, ही दंतकथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बियांबरोबर ही कोरडी रीतही आली असणार, कारण ती सर्वात सोपी होती.

मग कॉफी वेस्ट इंडीजच्या बेटांवर पोचली आणि चित्र पालटले. तिथली हवा दमट. पसरलेली फळे वाळायच्या आधी बुरसटू लागत. म्हणून मळेवाल्यांनी वेगळी तोड काढली. फळ ताजे असतानाच यंत्रात घालून त्याची साल काढायची. बीभोवती बुळबुळीत, चिकट गराचा थर उरतो. त्यासाठी बिया टाकीत घालून रात्रभर-दीड दिवस आंबवायच्या. थर सैल झाला की भरपूर पाण्याने धुऊन काढायच्या आणि मग वाळवायच्या. ही 'ओली पद्धत'. जावा बेटावरचे डच तिला 'वेस्ट इंडियन पद्धत' असेच म्हणत. या पद्धतीची कॉफी चवीला स्वच्छ लागते, भाव चांगला येतो. एकोणिसाव्या शतकात ती सिलोन, दक्षिण भारत, मध्य अमेरिका असे करत जगभर पसरली. आपल्याकडच्या व्यापारात आजही धुतलेल्या अरेबिकाला 'प्लँटेशन' आणि न धुता वाळवलेलीला 'चेरी' म्हणतात. एका शब्दात पाणी आहे, दुसऱ्यात नाही, एवढाच काय तो फरक. पण हा फरक ओढ्याला फार महाग पडला.

पाणी किती लागे? कोलंबियातल्या जुन्या पद्धतीचा हिशेब एक किलो वाळलेल्या, कवचासकट कॉफीमागे सुमारे चाळीस लिटर असा देतात. हे पाणी नुसते वापरले जात नाही; ते साल वाहून नेते, गर विरघळवते, साखर, पेक्टिन आणि रंग घेऊन खाली जाते. वरून पाहता यात विषारी असे काही नाही. फळाचाच रस तो! पण नदीतल्या सूक्ष्म जिवाणूंना ही साखर म्हणजे मेजवानी. ते ती खातात, झपाट्याने वाढतात आणि खाताना पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरतात, पाणी आंबते, दुर्गंधी सुटते. पाण्याची ही प्राणवायूची भूक मोजण्याच्या परिमाणाला 'बीओडी' म्हणतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. कॉफीच्या घट्ट सांडपाण्याची दहा हजारांच्या पुढेही जाते. त्यात आणखी एक दुर्दैव असे की कॉफीची तोडणी पावसाळा सरल्यावर येते. म्हणजे नदी आटत चाललेली असते, तेव्हाच हा लोंढा तिच्यात उतरतो.

आता रंगाकडे येऊ. सालीचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांचीच भावंडे जास्वंदीत असतात. शाळेच्या प्रयोगशाळेत जास्वंदीचा अर्क आम्लात टाकला की गडद गुलाबी होतो आणि अल्कलीत टाकला की हिरवा, हे अनेकांना आठवत असेल. कॉफीच्या पाण्यातही तसेच घडते. शिवाय वांगे चिरून ठेवले की काळे पडते, तसा सालीतल्या तुरट द्रव्यांचा हवेशी संबंध आला की पाणी काळपट होते. आंबलेले पाणी आम्लधर्मी असते, तोवर रंग तांबूस-तपकिरी. पण आम्ल मारण्यासाठी त्यात चुना घातला, म्हणजे शुद्धीकरणाची पहिली पायरी चढली, की तेच पाणी काळपट हिरवे, कधी चक्क काळे होते! मळेवाला म्हणतो, मी पाणी सुधारले. खालचा गावकरी म्हणतो, तुम्ही ते आणखी नासवले. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

या एका विसंगतीत सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. रंग म्हणजे प्रदूषण नव्हे, पण सामान्य माणसाला प्रदूषण दिसते ते रंगातून. त्याच्याजवळ दुसरे उपकरण कोठे आहे?

शास्त्रज्ञांनी रंग मोजण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. ॲलन हेझन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८९२ साली प्लॅटिनम आणि कोबाल्टच्या क्षारांचे पिवळसर द्रावण करून त्याच्याशी पाण्याचा रंग ताडून पाहण्याची रीत घातली. आजही आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचा रंग 'हेझन एकका'तच मोजतात. पाच एककांपर्यंत उत्तम, दुसरी सोय नसेल तर पंधरापर्यंत चालवून घ्यायचे. पण हे झाले पिण्याच्या पाण्याचे. सांडपाण्याबाबत इंग्लंडच्या शाही आयोगाने १९१२ सालच्या आपल्या आठव्या अहवालात जे प्रमाण घालून दिले, त्यात मुख्य आकडे दोनच होते : बीओडी लिटरला वीस मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ तीस मिलिग्रॅम. जगभरच्या नियमांवर या विचाराची छाप पडली. नदी गुदमरते की नाही हे महत्त्वाचे, ती कशी दिसते हे दुय्यम. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच होते. पण त्यामुळे रंग हा कागदोपत्री पोरका झाला.

रंग काढण्याच्या विद्येचा इतिहास मात्र याहून जुना आहे आणि मोठा गमतीचा आहे. १७८५ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या एका औषधशाळेत टोबियास लोविट्झ टार्टारिक आम्लाचे, म्हणजे आपल्या चिंचेत असते त्या आम्लाचे, स्फटिक करत होता. द्रावण आटवताना तपकिरी पडे. त्यात लाकडी कोळसा घातला तर रंग नाहीसा होतो, असे त्याला दिसून आले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये बेर्तोले याने क्लोरीनने कापड पांढरे करून दाखवले. रंग घालवण्याचे दोन मार्ग एकाच साली माणसाच्या हाती आले. पहिल्या मार्गात रंग दुसऱ्या कशाला तरी चिकटवून बाजूला काढायचा, दुसऱ्यात रंगाच्या रेणूवर घाव घालून तो मोडायचा. पुढच्या दोन-सव्वादोनशे वर्षांतल्या बहुतेक युक्त्या या दोहोंपैकी एकीत बसतात.

पहिल्या मार्गाने साखरेचा धंदा गेला. १८११ मध्ये फिगिए याने हाडांचा कोळसा लाकडी कोळशापेक्षा सरस असल्याचे दाखवले आणि लवकरच साखर पांढरी करायला तो सर्रास वापरात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी फॉन ओस्ट्रेयको याने 'सक्रिय कोळशा'ची पेटंटे घेतली. हा कोळसा कॉफीच्या पाण्याचाही रंग उतरवतो. पण साखर विकायची असते, तिच्यात कोळशाचा खर्च निघतो. सांडपाणी कोण विकत घेणार? शिवाय कोळसा भरला की तो बदलावा लागतो. रंग कुठेच गेलेला नसतो, तो फक्त पाण्यातून कोळशात राहायला गेलेला असतो.

इथे कोणी म्हणेल, आपल्या आजीकडे तुरटी होती, निवळीच्या बिया होत्या, त्या का नाही चालत? गढूळपणा आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गढूळ पाण्यात मातीचे कण तरंगत असतात. तुरटी त्यांना एकत्र बांधून तळाला नेते. कोरा चहा कितीही बारीक गाळणीने गाळला तरी त्याचा रंग जातो का? तो विरघळलेला आहे. कारखान्यात तुरटी किंवा लोहाचे क्षार भरपूर मात्रेत घातले तर विरघळलेल्या रंगाचाही बराच भाग साक्याबरोबर खाली बसतो, पण मग त्या गाळाचे ढीग साठतात. त्यांना जागा कुठे?

दुसरा मार्ग, म्हणजे रंगाचा रेणूच मोडायचा. क्लोरीन हे काम स्वस्तात करते. पण १९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले की पाण्यातल्या नैसर्गिक पिवळसर द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगे तयार होतात. म्हणजे दिसायला पाणी स्वच्छ, पण पोटात नवीच व्याधी. ओझोन आहे, तो बरा, पण त्याला वीज आणि यंत्रे हवीत. १८९४ साली फेंटन या इंग्रज शास्त्रज्ञाने लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीने सेंद्रिय द्रव्य कसे जळते ते मांडले. गंमत म्हणजे त्याचा प्रयोगही टार्टारिक आम्लावरच होता! आज या 'फेंटन क्रिये'चा कॉफीच्या सांडपाण्यावर पुष्कळ अभ्यास होतो. रंग खरोखर उतरतो. पण डोंगरातल्या पाच एकरांच्या मळेवाल्याने पेरॉक्साइडचे कॅन कुठून आणायचे आणि कुठवर आणायचे?

जिवाणूंकडून काम करून घेणे स्वस्त. हवाबंद टाकीत ते साखर आणि पेक्टिन खाऊन टाकतात आणि वर जळणाचा वायू देतात. नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात बीटसाखरेच्या सांडपाण्यासाठी अशी एक सुटसुटीत टाकी विकसित केली आणि पुढे तिचे अनेक अवतार कॉफीच्या मुलखांत पोचले. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनीही कॉफीच्या पाण्यापासून वायू मिळवण्यावर काम केले. नीट चाललेली टाकी बीओडीचा ऐंशी-नव्वद टक्के भार उतरवते. पण जिवाणू गोड तेवढे खातात, तुरट आणि काळे ताटात टाकून देतात. लहान मुलांसारखेच! म्हणून टाकीतून बाहेर येणारे पाणी नदीला पूर्वीपेक्षा कितीतरी कमी घातक असते, पण दिसायला काळेच.

महाराष्ट्राला हे दृश्य परके नाही. साखर कारखान्याशेजारच्या मद्यार्क प्रकल्पातून निघणाऱ्या मळीच्या सांडपाण्याचीही हीच कथा. वायू काढून घेतल्यावरही त्याचा गडद तपकिरी रंग हटत नाही. तो रंग साखर आणि अमिनो द्रव्ये एकत्र तापल्यावर होणाऱ्या संयुगांचा. १९१२ साली मायार या फ्रेंच वैद्याने ही क्रिया प्रथम सांगितली. भाजलेल्या कॉफीचा तपकिरी रंगही याच क्रियेतून येतो, आणि म्हणूनच इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यांचे पाणीही असेच चिवट रंगाचे असते.

मग इतिहासात हा प्रश्न कोणी सोडवला का? काही प्रमाणात सोडवला, आणि त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

कोस्टा रिका हा चिमुकला देश एकोणिसाव्या शतकात कॉफीवर उभा राहिला. राजधानी सान होसेच्या भोवतालच्या मध्य खोऱ्यात नदीकाठी कॉफी धुण्याचे कारखाने झाले आणि त्यांचे पाणी विरिया व तारकोलेस नद्यांतून पॅसिफिक महासागराकडे जाऊ लागले. शतकभर हे चालले. अखेर १९९२ साली तिथली कॉफी संस्था, आरोग्य मंत्रालय, पाणीपुरवठा आणि वीज-पाणी परवान्यांची खाती यांनी मिळून एक करार केला. त्याच्या पायऱ्या पाहा. पहिली, पाणी कमी वापरा : एक 'फानेगा', म्हणजे चारशे लिटर मापाच्या फळांमागे एक घनमीटर. दुसरी, साल आणि इतर घन पदार्थ पाण्यात जाऊ देऊ नका. तिसरी, उरलेला गाळ खाली बसवा. आणि चौथी, मग राहिलेल्या पाण्यावर जिवाणूंची प्रक्रिया करा. प्रक्रिया शेवटी! आपण बहुधा उलटे करतो. आधी सगळे एकत्र कालवतो आणि मग वेगळे करण्याचे यंत्र विकत घेतो.

कोलंबियात चिंचिना येथील 'सेनिकाफे' या १९३८ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने याहून पुढची मजल मारली. त्यांनी साध्या निरीक्षणापासून सुरुवात केली : फळात स्वतःचा रस असतो, मग साल काढायला वरून पाणी कशाला? यंत्रात पाणी न घालताही साल निघते. ढोबळमानाने प्रदूषणाचा पाऊण हिस्सा सालीचा असतो. साल कोरडी राहिली की तेवढा भार नदीत जायचा टळतो. गराचा थर आंबवण्याऐवजी घासून काढायचा आणि तो चिकट रस पुन्हा सालीतच मिसळून त्याचे खत करायचे. १९९० च्या दशकात त्यांनी आणलेल्या या यंत्रणेने किलोमागचे चाळीस लिटर पाणी एका लिटरच्या आत आणले. लाल रंग आहे, तो सालीतच आहे, खताच्या ढिगात आहे. पाय चिखलात घालून मग ते धूत बसण्यापेक्षा चिखल टाळलेला बरा, हे आपली जुनी माणसे सांगतच होती.

आता आपल्या देशाकडे वळू. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते आणि त्यातला मोठा वाटा कोडगूचा. त्याच कोडगूत तलकावेरी आहे. तिथल्या डोंगरातल्या ओढ्याचे पाणी पुढे कावेरीतून कित्येक गावांना आणि शेतांना पुरते. कॉफी बोर्डाने पाणी वाचवणाऱ्या यंत्रांना आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेला अर्थसाहाय्य दिले, मोठ्या मळ्यांनी टाक्या बांधल्या, हे खरे. कायदेही आहेत. महाराष्ट्राने तर १९६९ मध्येच जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता. १९७४ मध्ये केंद्राचा आला. १९९३ मध्ये पर्यावरण नियमांत सांडपाण्याची सर्वसाधारण मानके घातली गेली. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची बीओडी लिटरला तीस मिलिग्रॅम. दहा हजारांवरून तीसवर यायचे म्हणजे ९९.७ टक्के भार उतरवायला हवा!

आणि रंगासाठी? तिथे आकडाच नाही. रंग आणि दुर्गंधी शक्य तितकी काढून टाकण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत, अशा आशयाची टीप आहे. मला हे वाक्य वाचून प्रगतिपुस्तकातले शेरे आठवले : 'प्रयत्न करणे आवश्यक'. शक्य तितके म्हणजे किती? कोणाला शक्य? हजार एकरांच्या कंपनीला, की पाच एकरवाल्याला? आणि ते ठरवणार कोण?

आकडा का नाही, याचे कारण वर आलेच. रंग काढणे महाग आहे आणि त्याने नदीचा श्वास मोकळा होतोच असे नाही. कडक आकडा घातला असता तर लोक क्लोरीन ओतून मोकळे झाले असते. तेव्हा कायदेकर्त्यांना सरसकट दोष देता येत नाही. पण ओढ्याकाठच्या माणसाच्या बाजूने विचार केला की मन स्वस्थ राहत नाही. त्याला बीओडीचा अहवाल दाखवून 'हे काळे पाणी चांगले आहे' म्हणणे सोपे. उद्या कोणी बिनप्रक्रियेचे पाणी रात्री सोडले, तर तोही रंग काळाच असणार. खरे काळे आणि निरुपद्रवी काळे यांतला फरक त्याने कशावरून ओळखायचा? रंग हा त्याच्यापाशी असलेला एकुलता एक साक्षीदार आहे. तो साक्षीदार भार कमी न करता नुसता धुऊन टाकणे हा अन्याय. आणि भार कमी केला म्हणून साक्षीदाराचे म्हणणे ऐकूच नये, हाही अन्यायच.

मला वाटते, कोस्टा रिका आणि कोलंबियाच्या उदाहरणाचे महत्त्व इथे आहे. साल पाण्यात गेलीच नाही, तर मुख्य रंग पाण्यात उतरत नाही. मग खालच्या माणसाला ओढा काळा दिसला की काहीतरी चुकले आहे, असे तो खात्रीने म्हणू शकतो. त्याच्या डोळ्यांना पुन्हा किंमत येते.

जानेवारी २०२२ मध्ये युरोपीय संघाने कॉफीच्या फळाची वाळलेली साल पेय म्हणून विकायला परवानगी दिली. 'कास्करा' या स्पॅनिश नावाने ती आता आकर्षक पाकिटांतून विकली जाते. येमेनच्या घरांत किशर उकळणाऱ्या बायांना याचे हसूच येईल. शतकानुशतके जी साल माणसाने प्यायली, ती मधल्या काळात आपण नदीला पाजली, आणि आता ती पुन्हा बाजारात येते आहे. सगळी साल काही अशी पाकिटात जाणार नाही. बहुतेक खतातच जाईल, आणि ते चांगलेच आहे.

कॉफीच्या पुड्यावर मळ्याचे नाव असते, जात असते, उंची असते, भाजणीची तारीख असते. किलोमागे किती पाणी लागले आणि ते कुठे गेले, हे छापलेले मी अजून पाहिलेले नाही. दुकानदाराला विचारून पाहायला हरकत नाही. त्याला उत्तर येणार नाही कदाचित, पण पाच-पंचवीस गिऱ्हाइकांनी विचारले तर तो पुढच्याला विचारील, आणि पुढचा त्याच्या पुढच्याला. प्रश्न असाच चढत चढत मळ्यापर्यंत जातो.